रास्तचा गंधार आणि आठ मिलिमीटर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सायमन शाहीन यांच्यावरचा लेख वाचला. पाश्चात्य अभिजात, जॅझ आणि अरबी संगीत एकत्र वागवणाऱ्या या व्हायोलिनवादक-संगीतकाराला मराठी वृत्तपत्रात अर्धं पान मिळालं, याचा आनंद आधीच नोंदवून ठेवते. पुढे बरीच कुरकुर करणार आहे.

पहिली कुरकुर छायाचित्राखालच्या ओळीची. शाहीन यांच्या मांडीवरच्या वाद्याला आपण ‘अरबी गिटार’ म्हटलं आहे. ते ऊद आहे. फुगीर पोट, मागे मोडल्यासारखी वळलेली खुंट्यांची पेटी, आणि मुख्य म्हणजे गळ्यावर एकही पडदा नाही. पडदे नाहीत हे चित्रातसुद्धा स्पष्ट दिसतं. शब्द तर आपल्या घरातलाच, धुपाटण्यात आपण जाळतो तो ऊद. अरबीत त्याचा मूळ अर्थ लाकूड. ‘अल-ऊद’वरूनच युरोपात ‘ल्यूट’ हे नाव गेलं. म्हणजे नातं सांगायचंच तर गिटारच्या बाजूने सांगावं लागेल.

दुसरी कुरकुर जास्त गंभीर आहे आणि खरं तर तिच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. लेखात म्हटलं आहे की, शाहीन पाश्चात्य संगीताला ‘अरबी तडका’ देतात. तडका शेवटी पडतो, वरून पडतो, आणि पदार्थ त्याच्याआधी शिजलेला असतो. या माणसाची गोष्ट नेमकी उलटी आहे. 1955 साली गॅलिलीतल्या तर्शिहा गावात एका पॅलेस्टिनी घरात जन्म. वडील हिकमत शाहीन स्वतः ऊदवादक आणि संगीतशिक्षक. पाचव्या वर्षी हातात ऊद आलं आणि त्यानंतर लवकरच व्हायोलिन. जेरुसलेममध्ये रीतसर पाश्चात्य शिक्षण घेतलं. 1980 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये पुढचं शिकले. घरात अरबी, शाळेत बाख, असं दोन्ही एकाच वयात, एकाच हातात मुरलेलं. अशा माणसाला ‘कशात काय मिसळलं’ हा प्रश्न विचारणं म्हणजे आजोळी कानडी बोलणाऱ्या मुलाला ‘तू मराठीत कानडी कधी घातलीस?’ असं विचारण्यासारखं आहे.

मी व्हायोलिन शिकवते. शिकवत होते म्हणायला हवं. आता दोनच मुली येतात, आणि त्यातली एक आईच्या आग्रहाखातर. चाळीसेक वर्षांत नाट्यगीतांची साथ केली, भावगीतांच्या कार्यक्रमांत वाजवलं, अधूनमधून ख्यालाच्या मैफलीत मागे बसले. त्यामुळे लेखातलं आणखी एक वाक्य टोचलं. ‘व्हायोलिनसारख्या परक्या वाद्यावर अरबी सूर’ असं ते वाक्य आहे. अहो, मग विष्णु गोविंद जोगांनी आणि गजाननराव जोशींनी आयुष्यभर परक्या वाद्यावर परके सूर वाजवले का?

अरबांकडे व्हायोलिन साधारण आपल्यासारख्याच मार्गाने रुळलं. त्यांच्या पारंपरिक छोट्या वाद्यवृंदाला ‘तख्त’ म्हणतात. हाही आपल्या ओळखीचाच शब्द. ऊद, कानून नावाचं मांडीवर ठेवून छेडायचं तारांचं वाद्य, नय नावाची बासरी, रिक्क नावाची खंजिरी आणि गजाचं एक वाद्य, एवढा त्याचा पसारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या गजाच्या जुन्या वाद्याच्या जागी व्हायोलिन येऊन बसलं आणि नावसुद्धा त्या जुन्याचंच, कमान किंवा कमानजा, घेऊन बसलं. विसाव्या शतकात सामी अल-शव्वा या वादकाला ‘अमीर अल-कमान’, म्हणजे व्हायोलिनचा राजपुत्र, अशी पदवी मिळाली. मोरोक्कोतले अंदलुसी परंपरेचे वादक तर ते मांडीवर उभं धरून वाजवतात. आपण पायाच्या घोट्यावर टेकवतो तशी ही त्यांची तऱ्हा. वाद्य परकं राहिलंय की नाही, हे त्याला धरणारा हात ठरवतो.

आणि मिळवणी! पाश्चात्य व्हायोलिनच्या चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. सर्वांत खालची तार सा मानली तर सा-प-रे-ध. जुनी अरबी मिळवणी मात्र सा-प-सा-प. हे कळलं तेव्हा मी उठून माझ्याच व्हायोलिनकडे जाऊन पाहिलं, कारण माझ्या गुरूंनी मला ती अशीच मिळवायला शिकवली होती. दोन सा आणि दोन प मिळाले की वाद्य घुमायला लागतं. वरच्या तारेवर एक स्वर धरला की खालची जोड मोकळी तार आपोआप त्याला षड्ज देते. आजचे अनेक अरबी वादक पाश्चात्य मिळवणीही ठेवतात, त्यांना दोन्हीकडचं वाजवायचं असतं. पण सा-प-सा-प ऐकलं की मला माहेर आठवतं.

आता मुद्द्याच्या स्वराकडे येते.

ऐंशीच्या दशकात माझा भाचा आखातात नोकरीला होता. त्याने इजिप्तच्या उम्म कुल्सूमची एक कॅसेट आणून दिली. ‘मावशी, यात खूप व्हायोलिनं आहेत, तुला आवडेल,’ म्हणाला. व्हायोलिनं खरोखर पुष्कळ होती, एका सुरात, घसीट आणि कंप सगळ्यांचे एकसारखे. पण गंधार लागला की मी चुळबुळायची. शुद्ध म्हणावा तर उतरलेला, कोमल म्हणावा तर चढलेला. मी ठरवलं, टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालाय. दुसऱ्या यंत्रावर लावून पाहिली. तिथेही तसाच. मग ठरवलं, कॅसेटच नकली आहे. इतक्या मोठ्या गायिकेचा आणि मागच्या सगळ्या वादकांचा गंधार एकाच जागी कसा काय ‘चुकेल’, हा साधा प्रश्न मला दोन वर्षं पडला नाही. सुरांच्या बाबतीत जाणकार समजल्या जाणाऱ्या माणसाचा गर्व कसा असतो, त्याचा हा नमुना.

ते गाणं रास्त मकामातलं होतं, हे खूप नंतर कळलं. (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी अरबी स्वरचौकट. हा शब्द आपल्या ‘मुक्काम’च्याच धातूतला, हेही तेव्हाच कळलं.) रास्त म्हणजे सा, रे, मग शुद्ध आणि कोमल यांच्या साधारण मधला ग, मग म, प, ध आणि तसाच मधला नि. व्हायोलिनवर हे करून पाहणं सोपं आहे. मोकळी तार रे धरा. पहिलं बोट नेहमीच्या जागी ठेवलं की शुद्ध गंधार लागतो. तेच बोट खुंट्यांकडे आठ-नऊ मिलिमीटर मागे सरकवा. मी पट्टीने मोजलंय. त्या आठ-नऊ मिलिमीटरांत रास्तचा गंधार आहे. आणि तिथे पोचल्यावरही काम संपत नाही, कारण कैरोचा वादक तो थोडा खाली लावतो आणि तुर्कस्तानचा पुष्कळ वर, जवळपास आपल्या शुद्धाशी. शिवाय बयाती मकामात तोच मधला स्वर रास्तमधल्यापेक्षा किंचित उतरता लागतो. दरबारीचा गंधार आणि काफीचा गंधार एकच, असं म्हणणाऱ्याला आपण जसे हसू, तसे तेही हसतील.

या स्वराने माझी एकदा जाहीर फजिती केली. एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात ‘देशोदेशीचे सूर’ असं काहीतरी होतं आणि माझ्या वाट्याला अरबी तुकडा आला. मी महिनाभर घासून रास्तमधली दहा मिनिटं बसवली. तालमीला की-बोर्डवाला आला, चांगला वाजवणारा मुलगा, त्याने माझ्या षड्जावर सरळ मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकदम, दाबली. कॉर्डमध्ये त्याचा शुद्ध गंधार, वर माझा मधला. अंगावर काटा आला, पण चुकीच्या कारणाने. त्याने कोमल गंधाराची मायनर कॉर्ड धरली, तर त्याहून वाईट. आयोजक खुर्चीतून म्हणाले, ‘बाई, सूर जरा बघा.’ मी समजावायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ‘श्रोत्यांना कोण समजावणार?’ शेवटी मी काय केलं? रास्त सोडला आणि हिजाझ वाजवला. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधाराची ती उडी, आपल्या बसंत मुखारीची सुरावट. की-बोर्डवर प्रत्येक स्वर तयार. टाळ्या भरपूर पडल्या. घरी येताना रिक्षात मला स्वतःचाच राग आला होता.

म्हणून सांगते, तुमच्या लेखातला ‘तडका’ म्हणजे हा हिजाझ. जगभर कुणालाही ‘अरबी’ काहीतरी हवं असलं की हिजाझ टाकतात, कारण तो पियानोवर बसतो. अजम आपल्या बिलावलसारखा, कुर्द आपल्या भैरवीसारखा, नहावंद मायनर स्केलच्या जवळचा. हे सगळे मकाम पाश्चात्य वाद्यांवर मुकाट बसतात. त्यांच्यावर कॉर्ड लावायला कष्ट नाहीत. खरी परीक्षा रास्त, बयाती, सिका, सबा यांची. तिथे संगीतकाराला ठरवावं लागतं की, गंधाराच्या वेळी बाकीच्यांनी काय करायचं. एक मार्ग म्हणजे कॉर्डमधून गंधारच काढून टाकायचा, नुसता सा-प ठेवायचा, आपल्या तंबोऱ्यासारखा. दुसरा म्हणजे डबल बेसला एक छोटी आवर्तनी ओळ देऊन पियानोला गप्प बसवायचं. डबल बेसला पडदे नाहीत, तो समजूतदार असतो. तिसरा मार्ग म्हणजे मकाम बदलायचा क्षण असा निवडायचा की, मधला स्वर असलेला भाग एकट्या व्हायोलिनकडे किंवा ऊदकडे यावा आणि सगळा मेळ परतेल तेव्हा सुरावट नहावंदात पोचलेली असावी. या तिन्ही मार्गांत कौशल्य काय वगळायचं यात आहे. मी त्या की-बोर्डवाल्या मुलाला ‘फक्त सा-प धर’ एवढं सांगायला हवं होतं. सुचलं नाही.

जॅझचं मात्र वेगळं आहे आणि इथे आपल्या लेखकाने एक सुंदर गोष्ट हातची घालवली. जॅझ आणि ब्लूजमध्ये ‘ब्लू नोट’ म्हणून प्रकार आहे. गायक किंवा सॅक्सोफोनवाला गंधार कोमल आणि शुद्धाच्या मध्ये कुठेतरी मुद्दाम वाकवतो. पियानोवाल्याला वाकवता येत नाही, म्हणून तो बिचारा दोन्ही गंधारांच्या पट्ट्या एकदम किंवा घसरत दाबतो आणि तो आभास निर्माण करतो. म्हणजे अटलांटिकच्या पलीकडे, अगदी वेगळ्या इतिहासातून आलेल्या माणसांनाही त्याच आठ-नऊ मिलिमीटरांत काहीतरी सापडलं होतं. फक्त त्यांचा स्वर वाकत जातो, ओलांडला जातो, खालच्या मेजर कॉर्डशी भांडतो आणि त्या भांडणातच त्याची गोडी आहे. रास्तचा गंधार भांडत नाही. तो स्वस्थ बसतो, सुरावट तिथे येऊन टेकते. एकाच जागेचे हे दोन स्वभाव ज्याला आतून माहीत आहेत, तोच त्यांना एका रचनेत शेजारी बसवू शकतो.

हे शेजारही शाहीन यांच्यापासून सुरू झालेलं नाही. 1958 साली अहमद अब्दुल-मलिक यांनी ‘जॅझ सहारा’ नावाची ध्वनिमुद्रिका केली. हे जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांच्याबरोबर बेस वाजवणारे गृहस्थ. त्या मुद्रिकेत जॉनी ग्रिफिन यांच्या सॅक्सोफोनबरोबर कानून आहे आणि नईम करकंद यांचं अरबी व्हायोलिनही आहे. आणि कैरोत मोहम्मद अब्देल वहाब यांनी त्याच्याही कितीतरी आधी आपल्या गाण्यांत टँगो-रुंबा आणले होते. शाहीन यांनी 1990 मध्ये अब्देल वहाबांच्या संगीताची अख्खी ध्वनिमुद्रिका केली, ती उगाच नाही. त्यांच्या स्वतःच्या ‘कंतरा’ या वृंदाचं नाव म्हणजे ‘कमान’, दाराची किंवा पुलाची. 2001 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘ब्लू फ्लेम’मध्ये ऊद आणि नयच्या शेजारी सॅक्सोफोन, गिटार आणि डबल बेस आहेत, आणि ऊद व तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी लिहिलेली एक फँटसीही आहे.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट तर लेखात आलीच नाही. 1996 मध्ये शाहीन आणि आपले मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट यांची ‘सलतना’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. सलतना म्हणजे कलाकार मकामाच्या पूर्ण कह्यात जातो ती अवस्था. सल्तनत शब्दाचंच भावंड. आपण ‘राग चढला’ म्हणतो, त्याच्या जवळचं काहीतरी. अरबी तकसीम, म्हणजे तालाशिवायचा विस्तार, आणि आपला आलाप यांतलं साम्य सांगायला कुठल्याही तज्ज्ञाची गरज नाही, कान पुरे. फरक ऐकू येतो तो असा की, आपण एका रागात घर करून राहतो. तकसीम करणारा शेजारच्या दोन-तीन मकामांत डोकावून येतो आणि तो मूळ मुक्कामी कसा परततो, यावर श्रोते ‘अल्लाह!’ म्हणतात.

तालाचं थोडक्यात सांगते. त्यांची ‘समाई’ नावाची रचना दहा मात्रांची असते. मी आमच्या तबलजींना उत्साहाने म्हटलं, ‘झपतालच आहे.’ त्यांनी धरला झपताल आणि तिसऱ्या आवर्तनात थांबले. झपताल दोन-तीन-दोन-तीन चालतो, समाई तीन-चार-तीन. दहा आकडे तेच, पण चालणारा माणूस वेगळा. तबलजी दुसऱ्या दिवशी स्वतःहून आले आणि म्हणाले, ‘तो कालचा लंगडा दहा पुन्हा वाजवा.’

राहता राहिली ‘शुद्धते’ची चिंता, जी लेखाच्या शेवटी डोकावली आहे. 1932 मध्ये कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. बार्टोक, हिंडेमिथ यांच्यासारखे युरोपीय संगीतकार पाहुणे होते, सामी अल-शव्वाही होते. तिथे स्वरस्थानांच्या मोजमापावर खल झाला आणि पाश्चात्य वाद्यं घ्यावीत की नाहीत यावरही. पियानोवरून वाद झाले, कारण त्याच्यावर मधले स्वर नाहीत. व्हायोलिन तोवर घरचं झालेलं होतं. हे वाचताना मला आकाशवाणीवरची पेटी आठवली. 1940 पासून 1971 पर्यंत तिच्यावर बंदी होती आणि कारण हेच की, पट्टी दाबली की स्वर जागचा हलत नाही, मींड नाही, श्रुती नाही. पेटी मला आवडते, उगाच गैरसमज नको. पण बंदी घालणाऱ्यांचा कान खोटा नव्हता.

शाहीन यांनी 1997 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होलिओक कॉलेजात अरबी संगीताचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. ज्यांचे कान पियानोवर घडलेत, त्यांनाही तिथे मकाम शिकवले जाऊ लागले. मला ते शिबिर बघायला फार आवडलं असतं. आता प्रवास होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या दोघींपैकी धाकटी अकरा वर्षांची आहे. आधीच्या क्लासमध्ये तिच्या व्हायोलिनच्या पट्टीवर बोटं कुठे ठेवायची त्याच्या रंगीत चिकटपट्ट्या लावून दिल्या होत्या. तुमचा लेख वाचला त्याच आठवड्यात मी त्या काढल्या. गोंदाचे डाग राहिले होते, ते खोबरेल तेलाने पुसले. पोरगी दोन दिवस रडवेली होती, गंधार रोज वेगळीकडे लागत होता. परवा तो नेमका मधोमध लागला आणि ती थांबून म्हणाली, ‘हा चुकलेला छान वाटतोय.’ मी तिला तो पाच मिनिटं धरून ठेवायला लावला, खाली मी सा-प दिला. नंतर शुद्ध गंधारावर आणलं, कारण तिची परीक्षा आहे.

एवढ्या लांबलेल्या पत्राबद्दल क्षमा असावी. सगळं छापायला जागा नसेल तर कापा, पण छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती तेवढी छापा. ऊद. दीर्घ ऊ.

आपली,
एक जुनी वाचक आणि व्हायोलिन शिक्षिका